रोजच्या लिहिण्याची निळी

“वर एवढं ठळक छापलंय, निळी किंवा काळी, तरी लोक जांभळी घेऊन येतात. उद्या हिरवी आणतील. परवा बीट पिळून आणतील.” पाणी खात्याच्या खिडकीतला कारकून हे माझ्याशी बोलत नव्हता, स्वतःच्या मिशांशी बोलत होता, पण काचेला बोलण्यापुरतं भोक ठेवलेलं आणि माझा कान नेमका त्या भोकाशी, त्यामुळे त्याची कुरकुर मला त्याच्या चहाच्या वासासकट मिळाली. सासरे गेले तरी घरातला नळ अजून त्यांच्याच नावावर होता. तो नवऱ्याच्या नावावर करायचा म्हणून मी घरूनच अर्ज भरून आणला होता. “निळीच आहे की,” मी म्हटलं. “बाई, मी सकाळपासून निळंच बघतोय,” तो म्हणाला आणि अर्ज शेजारच्या टेबलाकडे फिरवून धरला. “ए, ही कुठली शाई सांग रे.” शेजारच्यानं मान अर्धीच वळवली. “वांगं,” तो म्हणाला आणि पुन्हा शिक्के मारायला लागला. रांगेत कुणीतरी फिसकन हसलं. मीही हसले असते, पण माझ्या कानात त्याचा आधीचाच शब्द अडकला होता. जांभळी. आमच्या घरात हा शब्द कितीतरी दिवसांत कुणी उच्चारला नव्हता. घरात मोठं दुखणं शिरलं की त्याचं नाव कुणी घेत नाही, नुसतं ‘ते’ म्हणतात, तसं आम्ही आमच्या घरी होणाऱ्या शाईला ‘नवी’ म्हणत होतो, ‘जरा गडद’ म्हणत होतो, दीर तर ‘सध्याची’ म्हणायचे. आणि इथे एका परक्या माणसानं, ज्याला आमचं काही म्हणजे काही पडलेलं नव्हतं, तो शब्द काचेच्या भोकातून पोचपावतीसारखा माझ्या हातात दिला. मग त्यानं दोरीला बांधलेलं बॉलपेन पुढे सरकवलं. शाईवाल्याच्या बायकोनं बॉलपेननं अर्ज भरला. दोरी आखूड होती, त्यामुळे नवऱ्याचं नाव लिहिताना मला खिडकीपुढे चांगलंच वाकावं लागलं.

बाहेर आल्यावर मी रस्ताभर निळं शोधत चालले. दवाखान्याची पाटी. सायकलच्या दुकानाचं शटर. एका मुलीच्या गळ्यातली पाण्याची बाटली. शेवटी, इतकं करून, आकाश. सगळं आपापल्या जागी बिनदिक्कत निळं होतं, तरी माझी खात्री होईना. हल्ली मला हे होतं. एका रंगाला रोज दुसऱ्या रंगाच्या नावानं हाक मारत राहिलं की जीभ हळूहळू डोळ्यांना दटावायला लागते. मध्यंतरी भाजीवालीला मी “तो निळा कोबी द्या” म्हणाले. “निळा खाल्लात तर कसा लागला ते मला कळवा हो,” ती म्हणाली आणि जांभळा कोबी पिशवीत टाकला. घरी येऊन तो चिरताना मला वाटलं, हिला सांगावं. हिलाच सांगावं. भाजीवालीजवळ बसावं आणि म्हणावं, बाई गं, माझ्या नवऱ्याला निळं दिसत नाही. पण त्याला न सांगता भाजीवालीला सांगायचं म्हणजे चहाडीच ती. मग कोबी चिरत राहिले. बोटं रंगली, ती धुतली. आमच्याकडे बोटं रंगायची सवय आहे, त्याचं कुणी काही विचारत नाही.

आमचं घर पुढे आणि शाईघर मागे, मध्ये एक माणूस तिरका होऊन जाईल एवढा बोळ. शाईघर म्हणजे दोन खोल्या. एकीत टाकी, मापं, रंगाचे डबे. दुसरीत रिकाम्या बाटल्या, टोपणं, लेबलांच्या चळती आणि खिडकीशी माझं टेबल. आधी सासरे रंग मिसळायचे, मग नवरा मिसळायला लागला. बाकीचे शाईवाले म्हणे मागच्या खेपेची एक बाटली राखून ठेवतात आणि नवी शाई तिच्याशी जुळवतात. आमच्याकडे ते चालत नाही. “शाई बाटलीत म्हातारी होते,” सासरे म्हणत. “म्हातारीशी जुळवलेली शाई जन्मतःच म्हातारी.” निळी डोक्यात असली पाहिजे, डोक्यातून ती थेंबाथेंबानं टाकीत उतरली पाहिजे. नमुना बघून रंग लावणाऱ्याला ते रंगारी म्हणायचे, आणि हा शब्द ते असा उच्चारायचे की एखाद्यानं शिवी द्यावी. नवऱ्यानं त्यांचं बाकी फारसं काही घेतलं नाही, हे मात्र घेतलं. आणि त्याच्या डोक्यातली निळी आजही तशीच्या तशी आहे, याबद्दल मला तिळमात्र शंका नाही. चूक डोक्यात होत नाही, वाटेत होते. वय झालं की काहींच्या डोळ्यांतलं भिंग पिवळट पडतं. पिवळ्यातून बघितलं की निळीत हिरवी झाक दिसते. ती झाक मारायला तो जांभळ्या रंगाचा थेंब वाढवतो. पुढच्या खेपेला झाक पुन्हा दिसते, तो पुन्हा वाढवतो. त्याला ती दरवेळी आमच्या लग्नाच्या वर्षीइतकीच निळी दिसते. हे मी वाचलेलं आहे. माझं शिक्षण म्हणजे बाटल्यांभोवती गुंडाळायला येणारी रद्दी. त्यामुळे मला सगळ्यातलं अर्धं माहीत असतं. उरलेलं अर्धं दुसऱ्या कुठल्यातरी बाटलीला गुंडाळून गेलेलं असतं. भिंग पिवळं पडतं हे माझ्या वाट्याला आलं. नवऱ्याला ते कसं सांगायचं, तो कागद कुणाकडे गेला कोण जाणे.

“तुझं अक्षर कुणाचंही असू शकतं,” लग्नानंतर तो मला म्हणाला होता, आणि हे कौतुक आहे हे कळायला मला थोडा वेळ लागला. देखण्या अक्षराच्या माणसानं शाई तपासायची नसते, देखणं अक्षर शाईचे दोष झाकतं. रोजच्या लिहिण्याची शाई रोजचंच लिहिणाऱ्यानं तपासायची. याद्या, पत्ते, ‘दूध तापवून ठेवलंय’, ‘किल्ली शेजारी दिलीय’. तेव्हापासून टाकीतली प्रत्येक खेप मी लिहून बघते. जाड निबनं, बारीक निबनं. गुळगुळीत कागदावर, मग वाण्याच्या खरखरीत कागदावर, जिथे वाईट शाई अक्षराला पाय फुटल्यासारखी पसरते. कागद उलटा करून मागे किती उमटली ते बघायचं. ओळ लिहून लगेच बोट फिरवायचं, मग जरा थांबून पुन्हा. पाण्याचा थेंब सोडून टिपकागद लावायचा. कागदाची एक पट्टी पुठ्ठ्याखाली अर्धी झाकून खिडकीत उन्हाला ठेवायची. पेनचं टोपण काढून ठेवायचं, जेवून यायचं आणि पहिल्याच रेघेला शाई उतरते की पेन झटकावं लागतं ते बघायचं. एवढं झालं की मी “हं” म्हणते, आणि बाटल्या भरायला लागतात. सुरुवातीच्या त्या दिवसांत एकदा याच खिडकीशी त्यानं माझं मनगट उलटं केलं आणि शिरेवर बोट ठेवलं. “हा रंग मला जमत नाही,” म्हणाला. “ह्यात थोडं हिरवं आहे, थोडं दुधासारखं काहीतरी आहे. हा बाटलीत येणार नाही.” बायकोला माणसं काय काय म्हणतात. मला नवऱ्यानं बाटलीत येणार नाही म्हटलं, आणि त्यावर मी सगळं तारुण्य आनंदात काढलं. शेवटी आलेच मी बाटलीत. टोपणसुद्धा आतून घट्ट बसलंय.

मी बोलत नाही, कारण सासऱ्यांचं असं झालं होतं. त्यांचे हात थरथरायला लागले, थेंबाचा अंदाज चुकायला लागला, शाई पाणचट उतरायला लागली. आम्ही सगळे बघत होतो. एके सकाळी माझ्या नवऱ्यानं, तेव्हा तो ऐन जोरात होता, सगळ्यांसमोर त्यांच्या हातातून माप काढून घेतलं. “बाबा, तुम्हाला आता जमत नाही. उगाच नासाडी करू नका.” आवाज चढवला नव्हता. खरं तेच बोलला होता. सासरे हात धुऊन पुढच्या खोलीत गेले आणि त्यानंतर जितके दिवस जगले तितके दिवस त्यांनी लेबलांना गोंद लावला. मान खाली, ब्रश वर-खाली. रंगाबद्दल पुन्हा एक अक्षर बोलले नाहीत. शाई कशी झालीय विचारलं तर “चांगली असेल” म्हणायचे. नवऱ्याला हे आत कुठेतरी लागलेलं आहे. तो बोलत नाही, पण गोंदाचा ब्रश तो स्वतः कधी हातात घेत नाही. मग त्याच माणसाला त्याच खोलीत तेच वाक्य कुणी ऐकवायचं? सासूबाई आई आहेत. दीर धाकटे आहेत. राहिले मी, जिचं कामच सांगायचं. पहिल्या खेपेला मला वाटलं, बल्बचा दोष असेल. दुसऱ्या खेपेला वाटलं, पुढच्या वेळी सांगू, जरा निवांत असला की. आणि तिसऱ्या खेपेपासून सांगायच्या गोष्टी एकीच्या दोन झाल्या. आता ‘दिसत नाही’ एवढंच सांगून भागणार नव्हतं, ‘दिसत नाही हे आम्हाला कधीचं दिसतंय’ हेही सांगायला लागणार होतं. प्रत्येक खेपेला ते दुसरं वाक्य लांबत गेलं. दार रोज उघडंच असतं, पण आपणच रोज त्याच्यासमोर एकेक खुर्ची आणून ठेवतो, तसं.

डोळ्यांचं ऑपरेशन हल्ली सोपं झालंय म्हणतात. कोपऱ्यावरच्या शिंपीणबाई सकाळी गेल्या आणि दुपारी घरी. पण आठवडाभर त्या रडत होत्या. “डोळे आले आणि घर घाण निघालं हो,” मला म्हणाल्या. “मी पांढरी समजत होते ती भिंत पिवळी, मी काळा समजून शिवलेला कोट निळा. गिऱ्हाईक घेऊन गेलं, बोललंसुद्धा नाही.” हे ऐकताना माझ्या डोळ्यांसमोर आमचं उरल्यासुरल्या बाटल्यांचं कपाट आलं. डोळ्यांवरची पट्टी काढून नवरा त्या कपाटासमोर उभा राहणार. ओळीनं सगळ्या बाटल्या, निळीपासून वांग्यापर्यंत, जिना उतरावा तशा. आणि मग तो वळणार आणि माझ्याकडे बघणार, नव्या भिंगातून, स्वच्छ. त्या नजरेच्या भीतीनं मी रोज सकाळी त्याचे मोजेसुद्धा रंग बघून जोडी लावून ठेवते, म्हणजे बाहेरचं कुणी काही बोलायला नको. कोण कुणाला जपतंय, कोण कुणाला कोंडतंय, मला आता सांगता येत नाही.

घरी आले तेव्हा तो माझ्याच टेबलाशी माझी वाट बघत होता. नवी खेप सकाळीच टाकीतून निघाली होती. “झाला अर्ज?” “झाला.” “आपल्याच पेननं भरलास ना?” “मग काय.” “काही म्हणाला का खिडकीतला? शाई बघून विचारतात कधीकधी लोक.” “विचारलं की,” मी म्हणाले. “शेजारच्यालासुद्धा दाखवली.” “बघ,” तो म्हणाला, आणि त्याचा चेहरा असा उजळला की मला बोटांवरचा बॉलपेनचा वास चोरी केल्यासारखा लपवावा लागला. यातला एकही शब्द खोटा नव्हता. हेच तर मी शिकले होते इतक्या दिवसांत, खऱ्या शब्दांनी भिंत कशी बांधायची ते. मी बसले, निब बुडवली, लिहायला लागले. तो माझ्या खांद्यावरून वाकला, नेहमीसारखा, त्याचा श्वास माझ्या कानाला लागत होता. “कागदच हल्ली निळं धरत नाही,” तो पुटपुटला. “हं,” मी म्हणाले. “आणि हे बल्ब. कसले मेले पिवळे.” “हं.” पुढच्या वाक्यासाठी तो थांबल्यासारखं वाटलं, किंवा मी थांबले होते. कागदावर माझी ओळ वाळत होती. ‘किल्ली शेजारी दिलीय.’

आणि वाईट हे, की शाई अप्रतिम होती. इतकी चांगली शाई त्याच्या हातून कधी उतरली नव्हती. खरखरीत कागदावर अक्षराची कड ब्लेडनं कापल्यासारखी. मागे ठिपकासुद्धा नाही. बोट फिरवलं तर कोरडं आलं. जेवून आले, पेन उघडं पडलेलं, टेकवताच रेघ उमटली. पाण्याच्या थेंबाखाली रंग हलला, पण अक्षर जागचं हललं नाही. आणि रंग, तोही काय वाईट होता? संध्याकाळी दिवे लागायच्या आधी घरांच्या मागच्या बाजूला जो साचतो, तो. जाड निबमध्ये तर तो कागदावर उभा राहत होता. कुणी परक्यानं ही बाटली दिली असती तर मी आयुष्यभर हीच वापरली असती, वाण्याची यादीसुद्धा तिच्यात देखणी झाली असती. माझ्या मनात आलं, जगात असंही असू शकतं, की माणूस चुकत चुकत त्याच्या सगळ्यात चांगल्या कामापाशी पोचतो आणि ते त्यालाच बघता येत नाही. मग मला त्याचा राग आला. मग माझा. मग मी पुठ्ठ्याखाली पट्टी लावली आणि खिडकीत ठेवली. एवढंच मला करता येत होतं.

दुपारच्या चहाला दीर आले ते बगलेत लेबलांचा गठ्ठा घेऊन. दुकानांत हिंडायचं काम त्यांचं. घरात शिरताना त्यांचा आवाज आधी येतो आणि ते मागून, पण आज ते गप्पच बसले. चहा अर्धा झाल्यावर एक लेबल टेबलावर सरकवलं. “दादा, बाटलीत तीच राहील. नाव तेवढं नवं.” नवऱ्यानं लेबल डोळ्यांजवळ नेलं, मग लांब धरलं. ‘जांभळट निळी. रोजच्या लिहिण्यासाठी.’ “निळीला जांभळट कशाला म्हणायचं?” “फॅशन आहे दादा. साध्या नावाकडे हल्ली कुणी बघत नाही. साबणाला पहाट म्हणतात लोक.” “साबणाला पहाट म्हणा नाहीतर ग्रहण म्हणा. माझ्या निळीला निळी म्हणायचं.” “अरे, दुकानदारांना आवडलीय ती! मागून घेतात. फक्त ते विचारतात की बाटलीवर...” दीर थांबले आणि बिस्किटाकडे वळले. “की बाटलीवर काय?” “काही नाही. की बाटलीवर नाव जरा नवं हवं.” “आई, तू सांग गं ह्याला,” नवरा म्हणाला. “मला काय कळतंय त्यातलं,” सासूबाई म्हणाल्या. “मला मेलीला सगळंच धुरकट दिसतं.” याच बाईंनी सकाळी चष्मा न लावता सुईत दोरा ओवला होता. माझ्याकडे बघून त्यांनी मान जराशी हलवली, झाकण ठेवल्यासारखी. “वहिनींना विचार की,” दीर घाईनं म्हणाले. “त्यांनीच तपासलीय. वहिनी, चांगलं आहे ना नाव?”

मी लेबल हातात घेतलं. नाव चांगलं होतं. खरं होतं, वाईट काय असणार त्यात. दुकानात जो कुणी बाटली उचलेल त्याला ते कळणार होतं. शाळेतल्या बाई, वकील, प्रेमात पडलेली पोरंपोरी, पाणी खात्याचा कारकूनसुद्धा. सबंध गावाला वाचता येईल अशा अक्षरांत ते छापलेलं होतं, आणि ज्यानं ती शाई केली त्या एकट्याला आम्ही घरात बसून सांगणार होतो की ही फॅशन आहे. आजवर आम्ही नुसते गप्प होतो. गप्प राहण्याला निदान मऊपणा असतो. आता ते गप्प बसणं आम्ही गोंद लावून प्रत्येक बाटलीवर चिकटवणार होतो, आणि तो त्या बाटल्या स्वतःच्या हातानं खोक्यात भरणार होता, गावभर स्वतःचं हसं करून घ्यायला पाठवणार होता. दाराशी मांडलेल्या सगळ्या खुर्च्या मला दिसत होत्या. “शाई चांगली आहे,” मी म्हणाले. “वाहते छान. फुटत नाही, मागे उमटत नाही, लगेच वाळते. इतकी चांगली तुमच्या हातून कधी झाली नव्हती.” दिरांनी सुस्कारा टाकला. सासूबाईंनी कप उचलला. झालं होतं. एवढ्यावर थांबता आलं असतं.

नवरा मात्र माझ्याकडे बघत राहिला. कागदाबद्दल, बल्बबद्दल, रंगाच्या डब्यांबद्दल तो इतके दिवस कुरकुरत आला होता, पण ते सगळं तो हवेत सोडायचा, उत्तर नको असल्यासारखं. आज त्यानं खुर्ची माझ्याकडे वळवली. “ते झालं,” तो म्हणाला. त्याचा आवाज एकदम लहान झाला होता, मी कधी न ऐकलेला. “रंगाचं सांग. ही निळी आहे का?”

“वहिनी,” दीर म्हणाले.

“तू गप,” तो म्हणाला. “मी हिला विचारतोय.”

सासूबाईंचा कप बशीवर वाजला. मी लेबल टेबलावर ठेवलं, पालथं.

“नाही,” मी म्हणाले. “जांभळी आहे. तुम्हाला निळं दिसेनासं झालंय, आणि आम्ही सगळे ते बघत बसलोय.”